मोहाचं झाड कोणी तोडलं

मी एकोडीकडची, गोंडाची पोरगी. माझा जन्म झाला तेव्हा गोंदियाही भंडाऱ्यातच होतं, मग जिल्हा तुटला, माझं कॉलेज तिकडं गेलं अन् मी इकडं राहिली, तरी कार्यक्रमाले बोलावणारे लोक माझी ओळख गडचिरोलीची कवयित्री म्हणूनच करून देते. काय सांगू तुम्हाला, एकदा मी माइकवरूनच म्हटलं, भाऊ, गडचिरोली मी फक्त बसच्या पाटीवर वाचली आहे. लोक हसले. पुढच्या कार्यक्रमात परत गडचिरोली.

अन् दुसरं, सगळे विचारते, इंग्रजीत काहून लिहिता. किती वेळा सांगू? घरी आम्ही गोंडी बोलत होतो. शाळेत गोंडी बोलली की पोरं हसत, मराठी बोलली की मास्तर हसत. मग इंग्रजी आलं, ते तर पूर्ण वर्गालेच येत नव्हतं, मास्तरालेही जेमतेम. म्हटलं हे बरं आहे, इथं सगळे सारखेच अडाणी. तिथं जी बसली मी, ते आजवर उठली नाही. आता अड्याळच्या बाजूले एका शाळेत इंग्रजीच शिकवते, वह्या तपासता तपासता कविता लिहिते. पण हे उत्तर कोणाले पटत नाही. त्यायले वाटते मी जंगलाचं दुःख जगाले सांगून राहिली.

तर ते दुःख ऐका. माझी नावाजलेली कविता एकच, आमच्या आंगणातल्या मोहाच्या झाडाची. ठेकेदार येते, करवत लावते, झाड पडते, माझी माय रडते. आता खरं सांगू का, झाड पडलं तेव्हा मी मामाच्या गावाले होती. परत आली तर नुसता बुंधा. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही, अन् मोठी झाल्यावर ठेकेदार कवितेत आपोआप आला, जसा सगळ्यांच्या कवितेत येते. तीच कविता इंग्रजीत वाचून, मग मराठीत सांगून मी पाचपन्नास गावं फिरली, शाली घेतल्या, रडणाऱ्या बायायले पाणी पाजलं.

मग माझं पुस्तक निघालं, अन् नागपूरच्या एका सरांचा फोन आला, मॅडम, तुमची ही कविता कॉलेजच्या पुस्तकात घेतो, एक प्रत सही करून लगेच पाठवा. मी दोन दिवस हवेत. ज्या वर्गात मले हसले, तसल्याच वर्गात पोरं माझी कविता पाठ करणार होती. याच्यापेक्षा मोठं मी काहीच मागितलं नव्हतं.

पण पुस्तकाचं पार्सल उतरलं मायच्या घरी. अन् आमच्यात घरात आलेलं नवं पीक आधी देवापुढं जाते, मग माणसाच्या तोंडात. मायनं पुस्तकं सुपात मांडली, वरून हळद लावलेले तांदूळ टाकले, माझी कव्हरं पिवळी. मी म्हटलं, माय, हे काय धान आहे का? ती म्हणे, तुझ्या मेहनतीचं आहे ना, मग धानच. अन् देवाले इंग्रजी येत नाही, काय लिहिलं ते गोंडीत सांग, तवरक एकही पुस्तक घराबाहेर जाणार नाही. पलीकडच्या हिश्श्यातून काकीही येऊन बसली.

मी हात जोडून कविता सांगू लागली. ठेकेदार आला तिथं काकीनं मायकडं पाहिलं, मायनं काकीकडं, अन् दोघी अशा हसल्या की काकीले ठसका लागला.

मग माय म्हणाली, "ठेकेदार कायले आणला वं? ते झाड आम्ही दोघीनं पाडलं."

ऐका आता. हिस्से पडले तेव्हा झाड धुऱ्यावर, दोन्ही हिश्श्यांच्या बरोबर हद्दीवर आलं. चैतात मोहफुलं पडत ती अर्धी इकडं, अर्धी तिकडं, अन् वारा सुटला की काकीची फुलं आमच्याकडं. दरवर्षी भांडण, एका वर्षी विळा उठला, दोघीचेही हात चिरले. मग आजीनं सांगितलं, झाड ठेवा नाहीतर घर ठेवा. करवतीचं एक टोक मायनं धरलं, एक काकीनं. चार दिवस ओढत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या बोलू लागल्या, म्हणे, नाही बोललं तर करवत अडकते. तेव्हापासून एकीच्या चुलीवरचा चहा दुसरी पेते.

माय म्हणे, देवापुढं खोटं ठेवलंस, आता नीट कर.

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, मॅडम, कविता आहे, पंचनामा नाही. मी नवी कविता लिहून पाठवली, दोन जावा अन् एक करवत. सर म्हणाले, हिच्यात आदिवासी वेदना नाही, हे तर कोणत्याही घरातलं भांडण आहे. मी म्हटलं, सर, आम्हीही कोणत्याही घरातलेच आहोत. ते म्हणाले, जुनीच राहू द्या. मी फोन धरून उभी, समोर सूप, सुपात पुस्तकं, बाजूले दोघी माझ्या तोंडाकडं पाहून राहिल्या. अन् मी म्हटलं, नाही सर, जुनी मी मागे घेते. झालं. माझ्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी जंगल छापून आलं.

चिडते मी अजून. कोणावर ते ठरत नाही. आता तर नवी कविताही दोघीले ऐकवली अन् अडली, कारण विळा पहिले कोणी उचलला याच्यावर दोघीचं एकमत नाही. माय म्हणते काकीनं, काकी म्हणते मायनं, अन् दोघी मले म्हणते, माझंच लिही. ती एक ओळ मी कोरी सोडली आहे.

तुम्ही इतकं लिहून घेऊन राहिले, तुमची वही भरो, तुमचं नाव होवो. पण छापायच्या आधी एकदा घरी या, अन् त्या दोघीले बसवून वाचून दाखवा. माझ्या भरवशावर राहू नका.