रोपात उतरलेली माणसं

न्हाई, त्यो नकाशा आधी उचला टेबलावरून. पिठलं सांडलं म्हंजे मलाच बोलाल. आन् तुमी विचारताय म्हणून सांगते, न्हाईतर मला काय — शनिवारी सकाळी शिवनेरी, मंग लेण्याद्री, मंग नाणेघाट, दुपारी खोडदच्या त्या दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या, आन् दिवस मावळायच्या आत हितं शिनोलीला माझ्या हॉटेलात जेवाय चाळीस माणसं. पावणं, ह्या रस्त्यानं कधी गाडी चालवलीय का तुमी? नाणेघाट एका टोकाला, खोडद दुसऱ्या टोकाला, मधी जुन्नरची गर्दी. तुमची माणसं गाडीतून उतरणार, फोटू काढणार आन् परत चढणार — बघणार कवा? लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतानाच निम्मी बसत्यात. आन् खोडदला आधी विचारून जावं लागतं, तिथं मोबाईल बंद ठेवा म्हणत्यात. ठेवतील तुमची माणसं बंद? हसू नका. मी हसायसाठी न्हाई सांगत.

मोहित म्हणालात ना नाव? तर मोहितराव, तुमी पुण्यातनं येता, कागदावर रेघा मारता, आन् आमचा मुलूख म्हंजे तुमाला शाळेची सहल वाटती. रविवारचं काय लिवलंय — डिंब्याच्या धरणाचं पाणी, बरं. भीमाशंकर, बरं, त्याला कोण नको म्हणतंय, देवाला जावा. आन् ह्या दोघांच्या मधी हे काय? वाचते की, सातवी झालीय माझी. ‘भातशेतीचा अनुभव, आवणी, चिखलात दोन तास.’ कुठं हे? ... आडाची वाडी. आडाच्या वाडीचं नाव तुमाला दिलं कुणी? आरतीनं? आरती, ए आरती, बाहेर ये. ह्यांना तू सांगितलंस का ग वाडीचं? — न्हाई म्हणतीय बघा. ती न्हाईच म्हणणार. सून हाय माझी, चाळीस ताटं ऐकली की तिला दुसरं काय सुचत न्हाई. जा आत, भाकऱ्या बघ.

वाडीला न्यायची न्हाई माणसं. संपलं. दुसरं काय घाला तिथं, बांधावर उभं राहून पाणी दावा, कायबी करा.

कशापायी म्हणजे? मी सांगते म्हणून. ... फोनमधी काय दावताय मला? बघू — बंद करा ते. बंद करा म्हणते ना. कळलं मला कुठलं हाय ते, मला काय दावताय, त्या भाताच्या खाचरात मी परकरात असल्यापासून वाकलीय. माहेर हाय माझं ते. ती खालची दोन खाचरं माझ्या भावाची, भिमाजीची, त्याच्या मागं धरणाचं पाणी दिसतंय, आन् हे हिरवंगार गालिच्यावानी तुमाला जे लई आवडलंय ना, ते रोप हाय. भाताचं रोप. एवढ्याशा तुकड्यात दाट पेरायचं, वीतभर झालं की उपटून जुड्या बांधायच्या आन् खाचरात लावायच्या, त्याला आवणी म्हणत्यात. वर्सातनं एकदाच. ते रोप गेलं तर तुमी परत पेरीन म्हणाल, तर न्हाई, तवर पाऊस पुढं गेलेला असतोय. समद्या वर्साचं खाणं त्या चटईएवढ्या तुकड्यात उभं असतंय, आन् फोटूत ते दिसतंय बसाय लई मऊ.

बसलीच माणसं त्याच्यावर. तेच सांगते. तीन वर्सं झाली ह्या आखाडात. अशीच एक गाडी आली, पंधरा-सोळा जण, हितंच ह्या बाकड्यावर बसून जेवली, तुमच्यासारखीच गोड बोलणारी. मावशी, खरं गाव बघायचंय म्हणाली, जिथं कुणी जात न्हाई असं. तवा हॉटेल नवं व्हतं माझं. मालक वारल्यावर वर्साच्या आत उघडलेलं, लेक पारगावला कारखान्यात, आन् मी रोज सकाळी उठून रस्त्याकडं बघायची, की आज तरी कुणी थांबंल का. ती माणसं थांबली, खाऊन खुश झाली, परत येऊ म्हणाली. मंग दिला सांगून रस्ता. सांगितला म्हंजे — ह्याच टेबलावर, भाकरी बांधायच्या कागदावर काढून दिला. फाट्यावरनं आत, टाकीपाशी गाडी लावा, पायवाटेनं खाली उतरा, माझ्या भावाचं शेत हाय, माझं नाव सांगा.

तेवढंच केलं न्हाई मी. भिमाजीला एक फोन करायचा. तेवढा राहिला.

भिमाजी दुपारचा घरी जेवत व्हता. हर्षाली, त्याची पोरगी, ती पळत आली म्हणं, बाबा रोपात माणसं उतरल्यात. ह्यो गेला तर काय — गाणं लावलंय, पाच-सहा जण रोपावर आडवी पडल्यात, एक जण वरनं फोटू काढतोय, दोघी नाचत्यात. अख्खा वाफा झोपलेला. त्यानं आधी हात जोडले. हे मला हर्षालीनं सांगितलं, ती काय खोटं बोलायची न्हाई. हात जोडून म्हणाला, बाहेर या, पाया पडतो, बाहेर या. ती माणसं हसली, शिनोलीच्या मावशीनं कागदावर रस्ता काढून दिलाय म्हणाली. त्यांना वाटलं हेबी त्यातलंच, म्हाताऱ्याला बी फोटूत घ्या. मंग ह्यानं एका पोराचा दंड धरला आन् ओढला. बांध निसरडा, पोरगा घसरला, हातावर पडला. मनगट मोडलं. हे मी नाकारत न्हाई, मोडलं.

आन् व्हिडिओत काय आलं — तेवढंच आलं. हात जोडलेले न्हाई आले. रोप न्हाई आलं. एक काळा उघडा माणूस वरडतोय, आन् शहरातलं पोरगं पडतंय. दोन दिवसांत तालुक्यानं बघितलं. बाजारात लोक मला दावायचे, मावशी हे बघितलं का, तुमच्या तिकडचं हाय. मी बघायची आन् मान हलवायची.

तुमी जेवा ना, हात का थांबवलाय? मी काय तुमाला बोलत न्हाई. बोलतेय, तर बोलतेय. तुमच्या त्या दोन तासांच्या चिखलात कुणाचं घर असतंय ते कळूंद्या तुमाला.

त्या साली खालची दोन्ही खाचरं तशीच राहिली, नुसतं पाणी तुंबलेलं. इकडनंतिकडनं मागून वरच्या खाचरापुरतं रोप मिळालं, खालच्याला न्हाई. ज्या घरात कवा तांदूळ इकत आणला न्हाई, तिथं भिमाजी पिशवी घेऊन घोडेगावला दुकानात उभा राहिला. आन् त्या मनगट मोडलेल्या पोराच्या बापानं तक्रार दिली. तारखा सुरू झाल्या. तारखेला जाताना यष्टी ह्याच रस्त्यानं जाती, माझ्या दारावरनं. खिडकीशी बसलेला दिसायचा मला. तोंड पलीकडं.

का? तुमी इचारताय का. भावानं बहिणीकडं का बघू नये, म्हणजे रस्ता दिला एवढ्यासाठी? ... एवढ्यासाठी न्हाई. त्यो एवढ्यासाठी रुसणारा माणूस न्हाई. मी लहान असताना ओढ्याला पूर आला तर मला खांद्यावर घेऊन शाळेतनं आणायचा, पाणी हितवर, छातीवर. एवढ्यासाठी कशाला रुसंल त्यो.

पोलीस आले व्हते हितं. चौकशीला. नीट बोलले, खोटं का सांगू, चहा घेतला आन् नीट विचारलं. ही माणसं तुमच्याकडं जेवली का? जेवली. त्यांना तिकडचा रस्ता कुणी सांगितला? आन् तवा बघा, त्या बाकड्यावर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं, पुण्याचंच, कान हिकडं. माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. न्हाई, देव कशाला, मलाच म्हाईत हाय. हिचा भाऊ माणसं मारतोय म्हणल्यावर कोण जेवंल हिच्याकडं, हे आलं. तर मी म्हणाले, मी सांगितलं व्हतं त्यांना, तिकडं जाऊ नका म्हणून. भाऊ माझा तापट हाय म्हणाले. पहिल्यापासनंच हाय म्हणाले.

लिवून घेतलं त्यांनी. मी सही केली. शाळेत गिरवलेली सही, साफ.

ते पुढं कोर्टात वाचून दाखवलं भिमाजीसमोर. सगळं ऐकलं म्हणं, आन् मंग कागद हातात मागितला. त्याला वाचता येत न्हाई, सही तेवढी वळखतो. बघितली आन् म्हणाला, सही तिचीच हाय. बास. दुसरं काय न्हाई. त्यानं सांगितलं असतं, की हिनंच रस्ता काढून दिला, रस्त्याचा कागद त्या पोरांकडं असंल बघा, तर मी खोटी पडले असते. त्यानं न्हाई सांगितलं. दोन वर्सं तारखा केल्या, मंग त्या बापानंच मिटवलं, पण तवर ह्यानं एकदा नाव न्हाई घेतलं माझं.

भाऊबीजेला गेले मी. ताट घेऊन, डबा घेऊन, फाट्यापासनं चालत. हर्षाली दारात आली, बाबा घरी न्हाईत म्हणाली. पोरीला खोटं बोलता येत न्हाई, मान खाली घालून म्हणाली. आतनं खोकला ऐकू येत व्हता. मी ताट उंबऱ्यावर ठेवलं, हर्षालीनं लुगडं दिलं पिशवीत, म्हणजे लुगडं घेऊन ठेवलं व्हतं त्यानं, रीत मोडली न्हाई — पण बाहेर न्हाई आला. दुसऱ्या वर्सी तसंच. तिसऱ्या वर्सी मी गेलेच न्हाई.

हे तुमाला कशाला सांगतेय मी? तुमी कोण माझे? आरतीला बी सहीचं म्हाईत न्हाई. आता आतनं ऐकत असंल. ऐकूंदे. तुमी मिटवा तो कागद आन् जावा, तुमाला दुसऱ्या शंभर वाड्या पडल्यात. सारखं काय मधी बोलाय बघताय मगापासनं? बोला एकदाचं. काय?

... कवा गेला व्हता?

आज सकाळी. आडाच्या वाडीत. म्हणजे जाऊन आलाय तुमी, आन् मी हितं बडबडतेय, आन् तुमी ऐकून घेताय गुमान. बोलू दिलं न्हाई म्हणे. बरं, न्हाई दिलं. कोण भेटलं वर? म्हातारा? कसा — उंच, वाकलेला, डाव्या कानात बाळी? ... त्यानं बसवलं तुमाला? पाणी दिलं? आन् तुमी त्याला हे चाळीस माणसांचं सांगितलं. वरडला न्हाई? ... मंग काय म्हणाला? नीट सांगा. जसं म्हणाला तसं सांगा, तुमच्या शब्दात नको.

‘खाली शिनोलीला साळूचं हॉटेल हाय. तिला इचारा. ती हो म्हणाली तर माणसं आणा.’

साळू म्हणाला? साळुबाई न्हाई? हॉटेलवाली न्हाई? ... साळू.

थांबा.

मला इचारा म्हणाला. माझ्यावर सोडलं त्यानं.

नंबर घेतलाय का त्याचा? हर्षालीचा असंल. लावा. लावा हितं माझ्यासमोर, टाकीपाशी असतील तर रेंज मिळती. न्हाई, माझ्याकडं देऊ नका, मी न्हाई बोलायची, तुमीच बोला. त्याला द्या म्हणा फोन. सांगा, साळूला इचारलं, साळू न्हाई म्हणाली. तिनं सांगितलंय, रोपात कुणी उतरायचं न्हाई. एवढंच. त्यात आपलं काय घालू नका, सर, प्लीज, असलं काय बोलू नका त्याच्याशी. सांगा.

... काय म्हणाला?

‘बरं.’ — आन् ठेवला? ... आणखी काय न्हाई. बरं म्हणाला.

बरं.

आता उठा तुमी. न्हाई, चाळीस माणसांचं जेवण न्हाई जमायचं मला, दुसरीकडं बघा, घोडेगावात हाईत चार हॉटेलं. ते पेन राहिलं तुमचं. आन् माझ्याकडं असं बघू नका, माझं काय तुमच्याशी नातं न्हाई. आरती, ह्यांचं ताट उचल. चला, निघा. गाडी दारातनं काढा आधी.