भिडस्त पोरीचा फोन

न्हाई हो, माझ्या पोराची न्हाई, पुतण्याची गादी हाय ही. शिवमची. नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागला न्हवं, तिथं होस्टेलवर नेऊन द्यायची. बसा की सरकून, तुमच्या लातूरच्या गाडीला येळ हाय अजून. — तर हा शिवम कसा? फॉर्मला एकच दिवस उरलेला, अन ह्याला दुपारी आठवलं की उत्पन्नाचा दाखलाच काढला न्हाई! मग काय, घर डोक्यावर घेतलं. आईला पळवलं, बापाला पळवलं, मला बी दुकान सोडून तहसीलला पिटाळलं — काका चला, काका चला! अन भरला की हो फॉर्म. लागला नंबर.

अन आमची शिल्पा, माझी पोरगी — दोघं एकाच वर्गातली — तिचं पहिल्याच दिवशी सगळं तयार. दाखले, फोटो, कॉलेजांची नावं वरून खाली लावलेली. मार्क त्याच्याहून जास्ती, उगं सांगत न्हाई. त्यांच्या कुण्या सरानं मोबाईलवर स्वभावाची परीक्षा घेतली हुती म्हणं, त्यात निघालं की शिवम धडाडीचा अन ही भिडस्त. घ्या! मला इचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. भूक लागली तरी ही आधी बघती, बाकीच्यांचं झालं का. मग फॉर्म तयार ठेवून बसली — का? तर अप्पा हो म्हनले की पाठवायचा. रोज ताट वाढताना इचारायची, "अप्पा, नांदेड टाकू का?" मी म्हनायचो, बघू. आता बघू म्हनजे न्हाई म्हनलो का मी? — हाव, तेच की.

शेवटच्या दिवशी तिच्या आईनंच सांगितलं, जा अन टाक. गेली नेट कॅफेत. तर शेवटी ते ओटीपीचे आकडे मागतेत न्हवं — ते आले माझ्या मोबाईलवर. तिच्याकडं कुठं मोबाईल तवा? अन मी मोंढ्यात, हरभऱ्याचा सौदा चाललेला, भवती चार व्यापारी. कॅफेवाल्याच्या नंबरवरून फोन आला, "अप्पा, आकडे सांगा ना." मी म्हनलो, कोण बोलतंय? ओटीपी कुणाला देत नसतेत. अन ठेवला. बँकेवाले सांगतेतच की रोज, कुणी बी मागू दे, द्यायचा न्हाई. घरी बी तेच सांगितलं मी — मला वाटलं कुणी फसवायलंय. पटलं सगळ्यांना.

शिवम असता तर पन्नास फोन केले असते, मोंढ्यात येऊन माझा हात धरला असता. ही? एकदाच केला. सांजेला घरी आली अन भाकरी थापायला बसली. अगं भांड की, बापाला जाब इचार की! वर्ष गेलं हातचं. नवा मोबाईल घेऊन दिला मी तिला मागून, तर "कशाला अप्पा" म्हनली. आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची? स्वभावाची. दुसरं काय.

— काय म्हनलात? आवाज?

आता पोटच्या पोरीचा आवाज ओळखत न्हाई व्हय कुणी! "अप्पा" म्हनली तवाच ओळखला. — पण नांदेड लांब हाय हो. ही गेली की घरात बोलायला कोण? तिची आई अन मी, एकमेकाकडं बघत बसायचं. मनात आलं, राहीना का जवळ एखादं साल. आमच्या उदगीरला बी कॉलेजं हायेत की. मुद्दाम न्हाई केलं, निघून गेलं तोंडातून... असं बघू नका माझ्याकडं. तुमास्नी पोरगी हाय का? मग?

थांबा, वाजायलंय. तिचाच हाय बघा. घरी काय इसरलं असंल माझं. — उचलतो की, तुम्हाला काय एवढी गडबड? काय बोलायचं ते जुळवू तर द्या —

बघा. थांबला.

न्हाई, आता न्हाई यायचा. म्हनलं न्हवतं, एकदाच करती ती?

उठा, लातूरची लागली तुमची. जावा.