सातवी पायरी

(फिनलंड, कुओपिओ नगरपालिकेचं तळघर. संगणकांवरच्या माहितीच्या नकला ठेवणारं बॅकअपचं कपाट देखभालीसाठी बंद करायचंय. हेइनी यादी वाचतेय, कालेर्वो कीबोर्डवर.)

हेइनी : पाचवी पायरी. चालू कामं थांबवली?

कालेर्वो : एक राहिलंय. संपू दे.

हेइनी : तोड की मधेच. दहाला कंपनीची माणसं येतील.

कालेर्वो : तोडलं तर नक्कल अर्धवट राहते. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं तुला.

हेइनी : अकरा वर्षं झाली त्याला. आता साहेब मी आहे.

कालेर्वो : म्हणूनच फ्रिजमध्ये केक आलाय वाटतं! स्ट्रॉबेरीचा.

हेइनी : त्यावरचं नाव नाही वाचलंस?

कालेर्वो : झाकण होतं. हं, संपलं हे.

हेइनी : सहावी. दुसरी प्रत?

कालेर्वो : अग्निशमन केंद्रात आहे. जुळतेय.

हेइनी : सातवी.

कालेर्वो : पाठ आहे. त्या प्रतीतली सगळ्यात नवी फाइल काढून स्वतः वाचायची. नुसत्या 'जुळतेय'वर भरवसा नाही. नियम माझाच आहे तो. कालची आहे, तुझ्या फोल्डरमधली. उघडू?

हेइनी : नियम तुझा. उघड.

कालेर्वो : हे... माझ्या नावाचं पत्र आहे.

हेइनी : पूर्ण उघडलं?

कालेर्वो : 'देखभाल कंपनीकडे सोपवल्याने पद रद्द.' हेइनी, पेन्शनला दीड वर्ष राहिलंय माझ्या.

हेइनी : खाली सही दिसते?

कालेर्वो : तुझी.

हेइनी : मग यादीत लिही, प्रत वाचता येते.

कालेर्वो : पेन्शनपर्यंत ठेवते म्हणाली होतीस.

हेइनी : म्हणाले होते. नाहीतर त्या कंपनीच्या पोरांना सगळं शिकवलं असतंस?

कालेर्वो : निदान आधी सांगायचं तरी.

हेइनी : नऊला सांगणारच होते, केक कापताना, सगळ्यांसमोर. 

कालेर्वो : आणि हे असंच टाकून मी आत्ता निघून गेलो तर?

हेइनी : नाही जाणार. तुला पायरी गाळताच येत नाही, कालेर्वो. म्हणून तर तुझी रजा रद्द करून आज तुलाच बोलावलं.

कालेर्वो : (कीबोर्डवर नोंद टाइप करतो.)

हेइनी : लिहिलंस?

कालेर्वो : लिहिलं. आठवी वाच.

हेइनी : जोडण्या?

कालेर्वो : सोडवल्या.

हेइनी : नववी. वीज?

कालेर्वो : बंद. थांब, हात लावू नकोस! आतल्या डिस्कच्या चकत्या अजून फिरतायत. एक मिनिट जाऊ द्यायचं असतं.

हेइनी : यादीत नाहीये हे.

कालेर्वो : नाहीये. आजवर मीच सांगायचो. लिहून घे.