पाचव्या तासाची झोप

…आणि वर म्हणे सक्तीची! अहो, विश्रांती कधी सक्तीची असते का? तुम्हाला सांगते, बावीस वर्षं गणित शिकवतेय मी. या शाळेत सक्तीचं म्हणून जादा तास घेतले, मुलांच्या नाटकात ऐन वेळी झाड होऊन उभी राहिले, एकदा तर संगीताच्या बाई आजारी म्हणून पेटीवर बसले, सा कुठला ते माहीत नसताना! पण रोज पाचव्या तासाला वीस मिनिटं कुणी काही करायचं नाही, मुलांनीही नाही न् बाईंनीही नाही? मला सांगा, काही करायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय?

झालं असं, आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका हो, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जिना चढता चढता मधेच बसल्या. बसल्या त्या उठेचनात! पंधरा दिवस दवाखान्यात. परत आल्या, आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, "मला वाटत होतं, शाळेचा कंटाळा आलाय. राजीनामा लिहून तयार होता. तिथे पोटभर झोपले तेव्हा कळलं, कंटाळा नव्हता हो… मी दमले होते."

आणि तिथल्या तिथे फर्मान काढलं, रोज पाचव्या तासाला सगळ्यांना सक्तीची विश्रांती! कवायतीचे सर तेवढे म्हणाले, "मग विश्रांतीची शिट्टी मी वाजवू?"

घरी आले, म्हटलं घरातच जाणकार आहे, विचारावं. आमचे हे सुट्टीच्या दिवशी दुपारभर आडवे असतात. म्हटलं, "अहो, तुम्ही पडल्या पडल्या करता काय?" तर म्हणाले, "विचार." "कसला?" "उठावं का, याचा!" घ्या! आता यातून मी काय शिकायचं? तरी पडून बघितलं मी. दुसऱ्या मिनिटाला आठवलं, कपडे वाळत घालायचे राहिलेत. काही करायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय?

पहिला दिवस. सातवीचा वर्ग, चोपन्न मुलं. म्हटलं, "मुलांनो, विश्रांती घ्या." लगेच शंकासुरीचा हात वर. शंकासुरी म्हणजे दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची, तास संपतो पण हिच्या शंका संपत नाहीत. "बाई, परीक्षेत येणार?" "नाही गं." "मग वहीत काय लिहायचं?" "काही नाही." "बाई, डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे?" आता मला तरी कुठे माहीत? म्हटलं, "थांब, मी करून दाखवते," खुर्चीत टेकले, डोळे मिटले… मिटले म्हणजे काय, खरंच दाखवायला मिटले हो!

उघडले तर फळ्यावर भूगोलाचा नकाशा!

अहो, पाचवा गेला, सहावा गेला, सातवा संपत आलेला! घंटा झाल्या, मला पत्ता नाही. मराठीच्या बाई दारात आल्या, तर पोरांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं. भूगोलाचे सर आले, त्यांनी म्हणे अख्खा तास खाणाखुणांनी शिकवला, नदी कुठून कुठे जाते ते नुसत्या हाताने! आणि शेवटच्या बाकावर कोण? मोठ्या बाई! माझ्याकडे टक लावून बघतायत.

म्हटलं, संपलं. गेली बावीस वर्षं पाण्यात. उठून उभी राहिले. तेवढ्यात शंकासुरी म्हणते कशी, "बाई, तुम्ही झोपेत हसत होतात. तुम्हाला हसता येतं?"

चोपन्न मुलं उत्तराची वाट बघतायत. काय सांगू? मलाच ठाऊक नव्हतं हो. कशाला हसले असेन मी? अजून विचार करतेय. आणि खरं सांगू? घसा मोकळा, डोकं हलकं, बाहेर झाडावर कुठला तरी पक्षी ओरडत होता, तो रोजच ओरडत असणार, मी पहिल्यांदा ऐकला!

मोठ्या बाई उठल्या, जवळ आल्या. म्हटलं आता बोलणार. तर खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अख्ख्या शाळेत हे तुम्हालाच जमलंय. बाकीचे डोळे मिटून वह्या तपासतायत! तुम्ही शिकवा त्यांना."

शिकवणार ना, न शिकवून सांगते कुणाला! दर रविवारी, सकाळी सातला, सगळ्या शिक्षकांना, विश्रांती कशी घ्यावी. आणि सहाला यायचंय मला… सतरंज्या घालायला!