पेशीचं दार

नाही, बसा ना ताई, चहा नंतर — आधी मला सांगा, काल तुम्ही दिलेल्या त्या जुलाबावरच्या ओआरएसच्या पुड्या खऱ्या होत्या का? रागावू नका. गावच्या आशा-सेविका म्हणून तुमच्यावर विश्वास आहेच. पण इंद्रजितला कालपासून तीन पुड्या पाजल्या आणि जुलाब थांबायचे सोडून वाढलेत. चौदा महिन्यांचं पोर — ओठ बघा कसे सुकलेत. पुडीत नुसती साखर तर भरत नाही ना कोणी? मी भोरच्या कॉलेजात दोन वर्षं बी.एस्सी. केलंय — पुढचं लग्नात राहिलं ते राहिलंच, पण पेशीपटल अजून पाठ आहे. चरबीचा दुहेरी पडदा, त्यात प्रथिनांची दारं. मीठ एकटं आलं तर दार नीट उघडत नाही. साखरेला सोबत घेऊन आलं की दोघं आत, आणि पाणी त्यांच्या मागोमाग. इतकं साधं! मग माझ्याच पोराच्या आतड्यात का होत नाही?

खरं सांगू? हळू बोलते, आत्या — सासूबाई — ओट्यावर आहेत. मला त्यांचाच संशय आहे. राजगड उतरून आलेल्या पोरांना ताक विकतात, त्याच हातानं ह्याला काहीबाही चाटवत असणार. सकाळी साधं पाणी पाजताना पकडलं. म्हणे, "पोर तानेलंय गं, पानी तरी दे की!" वाटी हिसकावून ओतूनच दिली मी. तेव्हापासून ह्याला कडेवरून खाली ठेवलं नाही, पुडीशिवाय थेंब दिला नाही — काय? कालवते कशात? ह्याच पेल्यात. आख्खी. मेडिकलमधली बारकी पुडी पेल्यातच घालतात ना — ही मोठी दिसली, म्हटलं सरकारी आहे, दणकट असेल, गुण लवकर येईल. मागे लिहिलेलं? ते मला कशाला वाचायला लागतंय, मी तर — लिटर? एका लिटरला एक?

थांबा. लिटरात असे पाच पेले. म्हणजे पाचपट. म्हणजे आतड्यात मीठ जास्त, पेशीत कमी — मग पाणी आत नाही जात, बाहेर ओढलं जातं... कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं तसं. परीक्षेत लिहिलं होतं मी हे, ताई. आकृतीसकट. आणि हा तोंड फिरवत होता. नाक दाबून पाजलं मी.

आत्या! ओ आत्या, इकडे या — घ्या ह्याला. दवाखान्यात न्यायचंय. ताई, तुम्ही जीप थांबवा. नाही आत्या, परत माझ्याकडे नका देऊ.