कोरड्या विहिरीतला धप्प

तुम्ही हसाल, पण दुष्काळात तेर गावात आमच्या गल्लीतल्या कोरड्या विहिरीत म्या पाण्याचा आवाज ऐकलाय.

शेजारच्या गफूरभाईंचा सगळा जन्म त्या विहिरीवर पाणी शेंदण्यात गेलेला. एका सकाळी त्यांनी नुसत्या सवयीनं बादली आत सोडली अन् ओरडले, "पाणी आलं! धप्प वाजलं!"

टँकरच्या रांगेतल्या बायका घागरी घेऊन धावत आल्या. बादली वर आली, तर ठणठणीत कोरडी.

म्या म्हणलं, "गफूरभाई, दोर पहिल्याएवढाच हाय. बादली तळाला टेकलीच न्हाय, मधीच लोंबकळत होती. मग वाजलं काय?"

"अल्लाकसम, ऐकलं म्या. तुम्ही सोडून बघा."

म्या सोडली. पूर्वी जिथं पाणी लागायचं, तिथवर बादली गेली अन् धप्प! अगदी साफ ऐकू आलं. वर काढली, तर कोरडीच. विहिरीत काही वाजलंच न्हाय, तर म्या ऐकलं काय? का कानांनी आधीच ठरवून टाकलं होतं?

तेवढ्यात टँकर रिकामा होऊन निघून गेला. बायका आम्हा दोघांवर तुटून पडल्या, "खोटं कशाला बोललात?"

काठावर गफूरभाईंची आई बसली होती. दोन्ही कानांनी ठार बहिरी, पण लग्न होऊन आल्यापासून याच विहिरीचं पाणी भरलेली. बायकांचे हातवारे बघून ती म्हणाली, "त्यांना कशाला बोलता गं? आवाज मलाबी आलाय की."