मुखपृष्ठावरचा हमाल

लॅथ्रॉप : हनुवटी जरा वर घे, एनॉस. आणखी थोडी. खिडकीकडे बघ. हां, असाच राहा.

एनॉस : मी अजून हो म्हटलेलं नाही, मिस्टर लॅथ्रॉप.

लॅथ्रॉप : नुसता उजेड बघतोय रे. चित्रकाराची खोड. कुणाकडे जेवायला गेलो तरी बायको टेबलाखालून लाथ मारते, लोकांकडे असं टक लावून बघू नका म्हणून.

ओडेसा : मग आज त्यांनाही सोबत आणायचं होतं. कॉफी घ्या. साखर संपलीय.

एनॉस : साखर आहे, ओडेसा.

ओडेसा : यांच्यापुरती संपलीय.

लॅथ्रॉप : एनॉस, तुझ्या बायकोची जीभ काही बोथट झाली नाही.

ओडेसा : रोजच्या वापरात असते.

लॅथ्रॉप : बरं, ऐक. हे नवं मासिक आहे, त्या जुन्या साप्ताहिकासारखं नाही. मला पूर्ण मोकळीक दिलीय. एक काळा माणूस मत देऊन बाहेर पडतोय. एकटा, पायऱ्यांवर. हातात काही नाही, आजूबाजूला कुणी नाही. अख्खं पान त्याचं. आणि चेहरा तुझा.

एनॉस : न्यू यॉर्कात चेहरे नव्हते?

लॅथ्रॉप : पुष्कळ बघितले. सगळे देखणे, सगळे कोरे. तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी घडून गेलंय.

ओडेसा : त्यातलं थोडं तुम्हीच घडवलंय.

एनॉस : माझी अट मी तुम्हाला फोनवर सांगितलीय. शनिवारी वाचनालयात साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरचं ते जुनं चित्र लावतायत. गव्हर्नर येणार, शाळेची पोरं गाणार, तुम्ही भाषण करणार. त्यात एवढंच सांगायचं, की त्या नाताळात टॅनर्स फॉल्सच्या स्टेशनवर घरी आलेला मुलगा कोण होता.

लॅथ्रॉप : हॅडली बाईंचा मुलगा. गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

एनॉस : चित्रात कोण आहे ते विचारलं नाही. गाडीतून उतरलं कोण होतं?

लॅथ्रॉप : तू.

एनॉस : नीट सांगा. ओडेसा तेव्हा या गावात नव्हती. तिने हे माझ्या तोंडून ऐकलंय. एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे.

लॅथ्रॉप : युद्ध संपलं त्या वर्षीची गोष्ट. मी बहिणीला आणायला स्टेशनवर गेलो होतो. बर्फ पडून गेला होता. डब्यातून तू उतरलास, लष्करी पोशाखात. फ्रान्समधून ना?

एनॉस : फ्रान्समधून.

लॅथ्रॉप : आणि तुझी आई धावत आली. वारा असा, की एका हाताने तिने टोपी दाबून धरलेली आणि दुसऱ्या हाताने तुझी मान. तुझ्या खांद्यात तोंड खुपसलं तिने. मी तिथल्या तिथे बहिणीच्या तारेच्या कागदामागे रेघा मारल्या. खोटं नाही सांगत, माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढं खरं काही मी पाहिलेलं नाही.

एनॉस : पुढे.

लॅथ्रॉप : तुम्हा दोघांना स्टुडिओत बोलावलं. चित्र काढलं. संपादकांना दाखवलं. मग तो नियम आडवा आला.

ओडेसा : कुठला नियम?

लॅथ्रॉप : तुला ठाऊक आहे, ओडेसा.

ओडेसा : मलाही तुमच्या तोंडून ऐकायचाय.

लॅथ्रॉप : मुखपृष्ठावर काळा माणूस यायचा, तर काम करताना यायचा. वेटर, आचारी, हमाल. वाचक बिथरतात म्हणे. तो नियम मी केला नव्हता! उलट ते तुला पुसूनच टाका म्हणत होते. मी भांडलो. म्हटलं, एनॉस चित्रात राहील म्हणजे राहील.

ओडेसा : राहिला की. मिठीत गोरे मायलेक, आणि हा कडेला, दोन्ही हातांत सुटकेसा, डोक्यावर हमालाची लाल टोपी. आणि खूश किती! हॅडलीचं पोर आईला भेटलं ना.

एनॉस : ते हसू काढायला त्यांनी अख्खी दुपार घालवली, ओडेसा. "आणखी दात दिसू देत, एनॉस." मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, आनंदाचा अभ्यास करतोय.

लॅथ्रॉप : तुझ्या आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते चुकलंच.

एनॉस : तिने चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमचं चित्र येणार म्हणून. अंक आला त्या सकाळी औषधांच्या दुकानात रांगेत उभी राहिली. मी तिच्याबरोबर होतो. रांगेतूनच दिसलं आम्हाला. मी म्हटलं, चल. ती हलली नाही. बहिणींसाठी म्हणून पाच अंक सांगून ठेवले होते, ते पाचही घेतले. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुझा एनॉस हमाल काय झकास दिसतो!" तिने थँक्यू म्हटलं त्याला.

लॅथ्रॉप : मला माफ कर.

एनॉस : घरी येऊन एवढंच म्हणाली, टोपी छान आलीय. चित्रातल्या बाईच्या डोक्यावरची टोपी तिचीच होती ना. पुन्हा कधी डोक्यावर घातली नाही.

लॅथ्रॉप : अरे, हे सगळं मला शनिवारी सांगता आलं असतं. पण पुरावा कुठाय? हॅडली बाई ऐंशीच्या पुढे गेल्यात, पहिल्या रांगेत बसणार. त्यांच्या तोंडावर मी म्हणू, बाई, ही तुम्ही नाही? ते मूळ रेखाचित्र माझ्याजवळ असतं, तर गोष्ट वेगळी होती.

एनॉस : कुठलं रेखाचित्र?

लॅथ्रॉप : तू आणि तुझी आई. कोळशाने काढलेलं. माझ्या पुस्तकात त्यावर एक प्रकरण आहे, वाचलं नाहीस? साप्ताहिकात नवा संपादक आला तेव्हा मी ते बॅगेत घालून न्यू यॉर्कला निघालो. ठरवलंच होतं, की हे छापा, नाहीतर मी चाललो. आणि आपल्या स्टेशनवरच बॅग गहाळ झाली. पुन्हा सापडली नाही. नशीब! एका बॅगेपायी तुझा न्याय राहिला, एनॉस.

ओडेसा : एनॉस, तू सांगतोस की मी सांगू?

एनॉस : मी सांगतो. मिस्टर लॅथ्रॉप, ते मुखपृष्ठ आल्यावर माझं काय झालं ठाऊक आहे? मी पियानो सुरात लावणारा माणूस. हत्यारांची पिशवी घेऊन रोज गाडीने गावोगाव जायचो. तर फलाटावर लोक माझ्या हातात बॅगा द्यायला लागले.

लॅथ्रॉप : बॅगा?

एनॉस : चित्रात बघितलं होतं ना त्यांनी. पहिली बॅग डॉक्टरीणबाईंची. मी म्हटलं, बाई, मी एनॉस, तुमचा पियानो लावतो. त्या म्हणाल्या, हो हो, न्यू यॉर्कची गाडी, जपून ठेव. दुसऱ्या वेळेस मी काही बोललो नाही. बॅग घेतली, तुम्ही शिकवलंत तसं हसलो, आणि नेऊन ठेवली मॉन्ट्रियलच्या गाडीत.

लॅथ्रॉप : काय?

ओडेसा : ज्याने ज्याने हमाल समजून बॅग दिली, त्याची बॅग थेट कॅनडात.

लॅथ्रॉप : म्हणजे हॅडली बाईंची ती टोप्यांची पेटी...

एनॉस : क्वीबेकात कुणाच्या तरी डोक्यावर असेल.

लॅथ्रॉप : आणि पाद्रीबुवांचे बूट! अरे बापरे. स्टेशनमास्तर रडकुंडीला आला होता. कॅनडाच्या रेल्वेवर खटला भरायला निघाला होता तो!

ओडेसा : हसून घ्या. अजून संपलं नाही.

एनॉस : एक बॅग पिवळ्या चामड्याची होती. झाकणावर सोनेरी अक्षरं, कुलूप मोडकं, दोरीने बांधलेली.

लॅथ्रॉप : ती माझी.

एनॉस : तुमचीच.

लॅथ्रॉप : तू चोरलीस?

एनॉस : तुम्ही दिलीत. माझ्या हातात.

लॅथ्रॉप : शक्यच नाही. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. साऱ्या देशाला ठाऊक आहे ते.

एनॉस : चेहरा बघितला असता तर. तुम्ही घड्याळ बघत होतात. "न्यू यॉर्क, पोरा. आडवी ठेवू नको." माझं वय तेहतीस होतं. मी मुद्दाम उभा राहिलो. म्हटलं, आता वर बघतील, आता ओळखतील. तुम्ही मान खाली घालूनच खिशातून नाणं काढलंत.

लॅथ्रॉप : मला आठवत नाही, एनॉस. देवाशपथ आठवत नाही.

एनॉस : तेवढी एकच बॅग मी उघडली. चित्रकाराची बॅग. वाटलं, आईचं एखादं चित्र असेल. त्या दिवसाचं.

लॅथ्रॉप : आणि?

एनॉस : शर्ट होते. माझ्या आईने इस्त्री केलेले, तिची घडी मी कुठेही ओळखीन. दाढीचं सामान, नवा टाय, व्हिस्कीची बाटली. कागद नव्हता, एकही नाही. अस्तर फाडून बघितलं मी.

ओडेसा : व्हिस्की मॉन्ट्रियलला पोचली नाही, एवढंच.

(लॅथ्रॉप पेन्सिल खिशात घालतो.)

लॅथ्रॉप : रेखाचित्र त्या कॅनव्हासवरच होतं. त्याच्यावरच रंग दिला मी. दुसरं काही नव्हतंच.

एनॉस : नीट सांगा.

लॅथ्रॉप : हॅडली बाईंचा नुसता गाल आहे तो. तेवढ्यासाठी त्या एकदा येऊन बसल्या. पाठ, खांदे, तुझ्या मानेवरचा तो हात, टोपी, सगळं तुझ्या आईचं. हाताचा रंग तेवढा बदलला. तशी पाठ मला दुसरी कोण देणार होती?

ओडेसा : आणि बॅगेची गोष्ट?

लॅथ्रॉप : बॅग खरंच हरवली होती. पुढे एकदा एका मुलाखतीत कुणीतरी त्या नियमाबद्दल टोचून विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, की चित्र त्या बॅगेत होतं. मग सांगत गेलो. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. कधीकधी ते चित्र डोळ्यांपुढे दिसतं मला.

ओडेसा : तुमचं सगळं गावच तसं आहे. न घडलेलं सगळ्यांना लख्ख आठवतं.

एनॉस : आता ऐका. शनिवारी पोरांच्या गाण्याला पियानोवर मीच आहे, वाचनालयाने बोलावलंय. तुम्ही बोललात तर उत्तम. नाही बोललात, तर गाणं संपल्यावर मी उठणार आणि बॅगेची गोष्ट सांगणार. आत काय काय होतं त्याच्यासकट.

लॅथ्रॉप : गव्हर्नरसमोर चोरी कबूल करशील?

एनॉस : आनंदाने. तुम्ही म्हणालात तर आणखी दात दाखवून.

लॅथ्रॉप : हा सूड आहे, एनॉस.

एनॉस : हो. तुम्हाला काय वाटलं होतं?

लॅथ्रॉप : मला वाटलं होतं, या नव्या चित्राने आपली फिट्टंफाट होईल.

ओडेसा : म्हणजे याचा चेहरा पुन्हा तुम्हालाच द्यायचा, आणि फिटलं म्हणायचं. हिशेब छान आहे.

लॅथ्रॉप : ठीक आहे. बोलेन. हॅडली बाईंना आधी घरी जाऊन सांगतो, ते माझं मी बघतो. आणि चेहऱ्याचं?

एनॉस : ते शनिवारनंतर. आधी काय बोलणार ते ऐकवा.

लॅथ्रॉप : आत्ता? बरं. "मित्रहो, हे चित्र तुम्ही वीस वर्षं प्रेमाने पाहिलंत. त्यातला घरी आलेला सैनिक एनॉस व्हॅन डाइक. आणि त्याला कवटाळणारी ही बाई म्हणजे त्याची आई..."

एनॉस : थांबलात का?

लॅथ्रॉप : तिचं नाव काय होतं?

एनॉस : तुम्ही काय म्हणायचात तिला?

लॅथ्रॉप : सगळे म्हणायचे तेच. मावशी.

एनॉस : दर सोमवारी यायची तुमच्याकडे. मागच्या पडवीत इस्त्री करायची. तुमची मुलं तिच्या पायांत खेळली.

लॅथ्रॉप : हो रे. ती आजारी पडली तेव्हा माझ्या बायकोने सूप पाठवलं होतं.

ओडेसा : डब्यावर चिठ्ठी होती. "मावशीसाठी."

लॅथ्रॉप : एनॉस... मिस्टर व्हॅन डाइक, सांगा ना. गव्हर्नरसमोर मी काय मावशी म्हणू?

ओडेसा : ऐकलंस ना, एनॉस? मिस्टर झालास तू.

एनॉस : शनिवारपर्यंत वेळ आहे. शोधा.

लॅथ्रॉप : कुठे शोधू? कबरीवर असेल ना? दगड असेल.

एनॉस : आहे. पण आमची माणसं कुठे पुरतात, ते तुम्हाला आधी कुणाला तरी विचारावं लागेल.

लॅथ्रॉप : हॅडली बाईंना ठाऊक असेल. त्यांच्याकडेही इस्त्रीला जायची ती.

एनॉस : विचारा त्यांना. डॉक्टरीणबाईंना विचारा, पाद्रीबुवांना विचारा. त्यांच्या शर्टांच्या कॉलरीही तिनेच कडक केल्या.

लॅथ्रॉप : म्हणजे मी दारोदार हिंडू?

एनॉस : ती हिंडायची.

लॅथ्रॉप : बरं. निघतो मी.

ओडेसा : मागच्या दाराने जा. पुढच्या पायऱ्यांना रंग दिलाय, ओला आहे.

लॅथ्रॉप : मी मघाशी पुढूनच आलो की.

ओडेसा : मघाशी दिला नव्हता.

लॅथ्रॉप : येतो, ओडेसा. येतो, मिस्टर व्हॅन डाइक.

ओडेसा : गेले. चाललेत बघ, कुंपणाला धरून. खरं सांग, एनॉस, कुणाला तिचं नाव ठाऊक असेल?

एनॉस : नाही वाटत.

ओडेसा : मग? कुणीच सांगू शकलं नाही तर?

एनॉस : तर शनिवारी तेच सांगू देत त्यांना.